घरातल्या कोणत्या वस्तूनं तुम्हाला बायबलमधलं वचन उलगडून दाखवलं?

प्रभू येशूनं दाखले दिले ते घरातल्याच वस्तूंचे. दिवठणीवरचा दिवा, पिठातलं खमीर, जुन्या वस्त्राला लावलेलं ठिगळ. म्हणून नाशिक आणि आसपासच्या मंडळींना विचारते: रोज हाताळता अशा कोणत्या वस्तूपाशी तुम्ही थबकलात? वचन थोडक्यात सांगा, प्रसंग मात्र सविस्तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. डिसेंबरात नाशकात दही लवकर लागत नाही. मागच्या नाताळात दूध विरजलं आणि दर तासाला झाकण काढून, चमचा घालून बघत राहिले. सकाळी नुसतं तार येणारं दूध. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ढवळू नकोस. दूध कोमट कर, पातेलं शालीत गुंडाळ आणि झोप." दुसऱ्या दिवशी पातेलं तिरकं केलं तरी हललं नाही, असं दही. त्या दिवसांत मुलगा प्रार्थनेला बसेनासा झाला होता आणि मी दिवसातून चारदा त्याला टोकत होते. मत्तय १३:३३ मधली बाई खमीर पिठात 'लपवून' ठेवते. हा शब्द इतकी वर्षं माझ्या नजरेतून सुटला होता. आता टोकत नाही. रात्री त्याच्यासाठी गुडघे टेकते.

पिंपळगाव बसवंत: आमची वस्तू म्हणजे खुंटीवरची छाटणीची कात्री. एप्रिलात द्राक्षबागेची खरड छाटणी करतो, पोसलेल्या काड्या एक-दोन डोळे ठेवून कापायच्या. बाग अगदी बोडकी दिसते. ऑक्टोबरात परत छाटणी, तेव्हा कुठे घड धरतात. योहान १५, अधिक फळ यावं म्हणून वेलीचे फाटे छाटणाऱ्या माळ्याचा दाखला, लहानपणापासून पाठ होता, पण ऑपरेशननंतर सहा महिने खाटेवर काढले तेव्हा घरची मंडळी म्हणाली, "तुमचा एप्रिल चाललाय." मी रडलो त्या दिवशी. आणि खरं सांगतो, धीरही आला.

जुने नाशिक: आईच्या पितळी पातेल्याची कल्हई गेली होती. लक्ष न देता त्यात चिंचेची आमटी केली, ती कळकली, सगळी ओतावी लागली. पातेलं मोडीत काढू म्हटलं तर आईनं कल्हईवाल्याकडे पाठवलं. आधी घासून घेतलं, मग भात्याच्या आगीवर चांगलं तापवलं, नवसागर टाकताच पांढरा धूर, आणि कथील लावून कापसाच्या बोळ्यानं एक हात फिरवला की आतून चांदीसारखं! स्तोत्र ५१, 'मला धुऊन शुद्ध कर' ही प्रार्थना, मी तिथंच उभ्यानं म्हटलं. मनात राग धरून दिलेलं चांगलं अन्नही कळकतं, हे मला माझ्या जावेच्या बाबतीत ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी तिला फोन केला.

नाशिक रोड: सगळं छान, पण प्रत्येक वस्तूला बळेच धडा चिकटवू नये असं मला वाटतं. तवा तवाच असू द्या. वस्तू आपणहून बोलली तर ऐकावं.

शरणपूर रोड: पटलं. तरी आमच्या घरचा रंधा सांगतेच. शरणपूर ही वस्ती ख्रिस्ती मिशननं १८५४ मध्ये वसवली. पुढे गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथं सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. आजोबा रंध्यावर हात ठेवून म्हणायचे, "शरण आलेल्याला नुसता आसरा पुरत नाही, हाताला कामही लागतं."

सिडको: आजी भात लावण्याआधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायची, चर्चच्या मंडळीतल्या गरजूंसाठी. वडिलांचा कारखाना बंद पडला त्या वर्षी आईनं विचारलं, "आता मूठ कशाला?" आजीनं १ राजे १७ मधली सारफथची विधवा सांगितली; तिनं आधी एलीया संदेष्ट्याला भाकर करून दिली, तरी तिचं मडक्यातलं पीठ सरलं नाही. पण आईचा चेहराही तिनं पाहिला असणार. मला ओट्याजवळ बोलावून म्हणाली, "आजपासून तू टाक. तुझी मूठ लहान आहे." मी सहा वर्षांची होते. दोनचार दाणे बोटांना चिकटून राहिले, तेही तिनं झटकून डब्यात पाडले.