लाखभर वस्तीच्या गावचा मेयर थेट राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहतो, हे तिकडं चालतं कसं?

कोल्हापुरी_चष्मा

मंडळी, पीट बुटिजेजबद्दल विचारायचं होतं. २०२० ला डेमोक्रॅट्सची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होता तो, नंतर बायडनच्या सरकारात वाहतूक मंत्री झाला बघा. गड्याचा बायोडेटा वाचला की गरगरतं. हार्वर्ड, मग ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्ड, मग मॅकिन्झी या बड्या सल्लागार कंपनीत नोकरी, आणि एवढं सगळं करून परत गेला कुठं तर इंडियानातल्या साऊथ बेंडला, जिथं जन्मला तिथंच, आणि २९ व्या वर्षी तिथला मेयर. मधेच नेव्हीकडून अफगाणिस्तानला जाऊन आला. आणि मग ३७ व्या वर्षी डायरेक्ट राष्ट्राध्यक्षपद!!

साऊथ बेंडची वस्ती लाखभर, म्हणजे आपल्या इचलकरंजीपेक्षा पण लहान. ना आमदार ना खासदार ना गव्हर्नर. आपल्याकडं एखादा नगराध्यक्ष मी पंतप्रधान होणार म्हणाला तर घरचे पण हसतील. मग त्याला तिकडं लोकांनी एवढं मनावर घेतलं ते मेयरकीमुळं, फौजेमुळं, का नुसता बोलायला भारी म्हणून? आणि आयोवा राज्यात, म्हणजे तेव्हा उमेदवार निवडायची सुरुवात जिथनं झाली तिथं, पहिला आलेला माणूस महिन्याच्या आत घरी कसा बसला? तिकडं राहणाऱ्यांनी सांगा, व्हिडिओच्या लिंका नकोत प्लीज.

डेमॉईनची_सूनबाई

आयोवाचं मी सांगते कारण त्या वर्षी मी स्वतः बघितलंय. मला मत नाही, नवरा सिटिझन आहे, मी आपली शाळेच्या जिममध्ये कडेला खुर्ची टाकून बसले होते. ३ फेब्रुवारी २०२०, बाहेर थंडी आणि आत जॅकेटांचा ढीग. कॉकस म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची सभा, तेव्हा तिथं मतपेटी वगैरे काही नव्हती हो, ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, अख्ख्या गल्लीसमोर. मग मोजणी. बहुतेक ठिकाणी ज्याच्या कोपऱ्यात १५ टक्के माणसं भरली नाहीत तो कोपरा बाद, आणि ती माणसं मोकळी झाली की बाकीचे कोपरे त्यांना ओढायला धावायचे. खरी मजा तिथं. आमच्याकडे बायडनचा कोपरा भरला नाही, आणि ती सगळी पन्नाशी साठीतली मंडळी इकडं तिकडं बघायला लागली तर पीटच्या कोपऱ्यातल्या एक बाई, माझ्या सासूच्या वयाच्या, त्यांच्याकडे बिस्किटांचा डबा घेऊन गेल्या आणि गप्पाच मारत बसल्या. बर्नी सँडर्स हा दुसरा मोठा उमेदवार, त्याची पोरं तिकडं फिरकली पण नाहीत. दुसऱ्या मोजणीत पीटची रांग बरीच लांबली.

हे लक्षात घ्या की तो सगळ्यांची दुसरी पसंती होता. आणि खेड्यांमधून त्यानं ऑफिसं टाकली होती, ज्या काउंट्यांनी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांनी, आधी ओबामाला आणि नंतर ट्रम्पला मत दिलं तिथं मुद्दाम जायचा. आयोवात डेलिगेटचा, म्हणजे पुढं पक्षाच्या अधिवेशनात जाणाऱ्या प्रतिनिधींचा, हिशेब काउंटीवार असतो त्यामुळं नुसती शहरात गर्दी जमवून भागत नाही. सँडर्सला एकूण मतं जास्त पडली तरी डेलिगेटच्या हिशेबात पीट २६.२ आणि सँडर्स २६.१ टक्के, इतका केसभर फरक.

पण नशीब कसं बघा, निकाल कळवायचं पार्टीचं ॲपच बोंबललं. त्या रात्री काही निकालच नाही, फोन लाइन जाम, पुढचे कित्येक दिवस घोळ. पीटनं त्याच रात्री आपण जिंकलो अशा थाटात भाषण ठोकलं, त्यावरून शिव्या पण खाल्ल्या. एरवी आयोवा जिंकणाऱ्याचा फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाच्या टीव्हीवर असतो, याच्या वाटणीला ॲपची बातमी आली.

सेवानिवृत्त_नायक

ताईंनी चांगलं समजावलं. मी फौजेच्या बाजूनं लिहितो.

आपल्याकडं लोकांना वाटतं तो फुल टाइम सोल्जर होता, तसं नाही. नेव्ही रिझर्व्हमध्ये होता, २००९ ला डायरेक्ट कमिशन घेऊन, म्हणजे थेट ऑफिसर म्हणून, गेला, इंटेलिजन्स ऑफिसर. आपल्याकडं टेरिटोरियल आर्मी असते ना, सचिन पायलट साहेब, अनुराग ठाकूर साहेब त्यात ऑफिसर आहेत, साधारण तसला प्रकार. नोकरी धंदा चालू ठेवायचा, ठरलेले दिवस वर्दी घालायची, बोलावणं आलं की जायचं. याला २०१४ ला बोलावणं आलं, मेयर असताना, आणि सात महिने काबूलकडं गेला, मागं कारभार डेप्युटी मेयरनं बघितला. काम काय तर अतिरेक्यांना पैसा कुठून येतो ते शोधायचं. त्यात साहेब लोकांना गाडीतून बेसच्या बाहेर घेऊन जायची ड्यूटी पण होती, तो स्वतः ११९ वेळा बाहेर गेलो म्हणून सांगायचा. आता ज्यांनी इन्फंट्रीत पोस्ट धरून रात्री काढल्यात ते म्हणणार यात काय विशेष. पण काबूलच्या रस्त्यावर पुढची गाडी कुणाची आहे आणि ती थांबली का, हे बघत स्टिअरिंग धरणं म्हणजे पण गंमत नाही, बॉम्ब काही रँक विचारून फुटत नाही.

एक गोष्ट मला फार वाटते. तो भरती झाला तेव्हा अमेरिकन फौजेत समलिंगी असल्याचं उघड झालं तर घरी पाठवायचे, तो कायदा २०११ ला गेला. म्हणजे सुरुवातीची दोन वर्षं हा माणूस तोंड बंद ठेवून नोकरी करत होता. उघडपणे सांगितलं ते २०१५ च्या जूनमध्ये, गावच्या पेपरात लेख लिहून, आणि ते पण निवडणूक तोंडावर असताना! आणि त्याच वर्षी ८० टक्क्यांच्या वर मतं घेऊन परत निवडून आला, इंडियानासारख्या राज्यात. छातीवरच्या पदकापेक्षा मला हे मोठं वाटतं बुवा.

बाकी वर्दीवर मतं मिळतात हा गैरसमज आहे. १९९६ ला बॉब डोल, २००४ ला जॉन केरी, २००८ ला मॅककेन, तिघंही प्रत्यक्ष लढाईत जाऊन आलेले, मॅककेन तर व्हिएतनाममध्ये पाच वर्षं कैदेत, तिघंही हरले. वर्दीचा उपयोग एवढाच की समोरचा देशभक्तीवर बोलायला लागला की त्याला गप्प करता येतं. ट्रम्पनी पायाच्या हाडाचं कारण सांगून व्हिएतनाम चुकवलं होतं, पीट ते बरोबर काढायचा.

मुन्शिपाल्टी_२६वर्षं

मेयरकीचा मुद्दा राहिला, तो माझ्या खात्यातला.

चष्मेवाले भाऊ, तुमचा घोळ इथं होतोय की तुम्ही त्याला आपल्या महापौरासारखं धरताय. आपला महापौर म्हणजे नगरसेवकांनी निवडलेला, अडीच वर्षांचा, त्यात पद कुठल्या प्रवर्गाला जाणार ते सोडतीवर. सर्वसाधारण सभा चालवायची, फीत कापायची, पाहुण्यांना शाल द्यायची. खरी सही आयुक्तांची. मी अशा महापौरांच्या केबिनबाहेर बसलोय, चांगली कळकळीची माणसं, पण एका रस्त्याचं टेंडर लवकर काढा म्हणून आयुक्तांच्या पीएला स्वतः फोन लावायची वेळ यायची त्यांच्यावर. यातून पुढं कोणी जात नाही असं नाही, मनोहर जोशी मुंबईचे महापौर होते, फडणवीस नागपूरचे, पण ते वर गेले पक्षातून आणि विधिमंडळातून, महापौर म्हणून काय केलं ते दाखवून नाही.

साऊथ बेंडला मेयर लोकांनी थेट निवडलेला आणि तोच आयुक्त पण. बजेट तोच मांडणार, पोलीस चीफ तोच नेमणार आणि तोच काढणार. पोलीस हातात! आपल्याकडं कल्पना तरी करा. १९६३ ला तिथला स्टुडबेकर मोटारीचा कारखाना बंद पडला आणि गाव बसत गेलं, घरं ओस पडली. यानं २०१३ ला जाहीर केलं की हजार दिवसांत हजार पडीक घरांचा निकाल लावणार, एकतर दुरुस्त नाहीतर जमीनदोस्त, आणि मुदतीच्या आत लावला. गावातून भरधाव जाणारे वन वे रस्ते परत टू वे केले, गाड्या हळू झाल्या, डाउनटाउनला माणसं थांबायला लागली. गटारात सेन्सर बसवून पाणी कुठं तुंबतंय ते बघायची व्यवस्था पण होती तिथं, ते वाचून मला आमचा ड्रेनेजचा मुकादम आठवला, तो झाकणाला कान लावून सांगायचा.

त्यामुळं प्रचारात तो काय बोलायचा ते बघा. बाकीचे सिनेटर म्हणणार मी अमुक बिलाला पाठिंबा दिला. हा म्हणणार माझ्या गावात बर्फ पडला की फोन मला येतो. मतदाराला दुसरं वाक्य लगेच कळतं. सिनेटरला कधी कचरा उचलला नाही म्हणून कोणी शिव्या दिल्यात का?

मिशावाकाकर

मी साऊथ बेंडला खेटून असलेल्या गावात राहतो, त्यामुळं वरची आरती वाचून थोडं बोलावंसं वाटलं 😀

हजार घरांचं कौतुक बाहेर जास्त झालं. त्यातली बहुतेक पाडलीच. आणि ती कुठली होती तर गरीब वस्तीतली, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोक जास्त राहतात तिथली. काही घरं कुणीतरी पै पै जमवून घेतलेली, हळूहळू दुरुस्त करू म्हणून, त्यांना पालिकेच्या नोटिसा आणि दंड. नंतर लोक ओरडले तेव्हा धोरण थोडं मऊ केलं ते खरं. पाडलेल्या घराच्या जागी काय आलं विचाराल तर बऱ्याच ठिकाणी नुसतं गवत. हिवाळ्यात त्या गल्लीतून गाडी चालवली की दोन घरं, मग रिकामं, मग एक घर, मग परत रिकामं असं दिसतं.

आणि पोलीस हातात असणं दोन्हीकडून कापतं. २०१२ ला आल्या आल्या त्यानं गावच्या पहिल्या कृष्णवर्णीय पोलीस चीफला पदावरून खाली आणलं, फोन रेकॉर्डिंगचं प्रकरण होतं, ते कोर्टात वर्षानुवर्षं गाजलं. मग जून २०१९, प्रचार जोरात आणि इकडं गोऱ्या पोलिसाच्या गोळीनं एक कृष्णवर्णीय माणूस गेला, पोलिसाचा बॉडी कॅमेरा चालूच नव्हता. पीट प्रचार सोडून धावत आला, सभा घेतली, तिथं लोकांनी तोंडावर सुनावलं. गावात चारात एक माणूस कृष्णवर्णीय आणि पोलिसात शंभरात सहा. त्यानंतर लगेच टीव्ही डिबेटमध्ये विचारलं हे का नाही बदललं, तर सरळ म्हणाला, माझ्याच्यानं झालं नाही. बाकीचे नेते चार समित्यांची नावं घेतात अशा वेळी, त्यामुळं मला तो तेवढ्यापुरता आवडला. पण मतं अशानं येत नाहीत.

चष्मेवाल्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे बघा. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही बहुतांश गोऱ्या लोकांची राज्यं. न्यू हॅम्पशायरला तो सँडर्सच्या दीडएक टक्काच मागं, दुसरा. नेवाडात तिसरा. मग साऊथ कॅरोलायना, जिथं डेमोक्रॅट प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाला, निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय, तिथं आठ टक्क्यांवर चौथा, आणि बायडन जवळजवळ निम्मी मतं घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, हा बाहेर. २ मार्चला डॅलसला जाऊन बायडनना पाठिंबा, ३ मार्चला सुपर ट्यूजडे, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांचं मतदान. पैसा होता, माणसं होती, २०१९ च्या दुसऱ्या तिमाहीत तर जवळपास अडीच कोटी डॉलर जमवले होते, सगळ्या डेमोक्रॅट उमेदवारांत जास्त. पण गव्हर्नर किंवा सिनेटर असता तर राज्यभरच्या सगळ्या तऱ्हेच्या लोकांशी दहा वर्षं संबंध आला असता. मेयरला ते मिळत नाही, त्याचा मतदार म्हणजे त्याचं गाव. आणि गावाबाहेर एकदा पडला होता तो, २०१० ला, राज्याच्या खजिनदारपदाला, तेव्हा दणकून आपटला होता, ते कोणी काढत नाही.

कोल्हापुरी_चष्मा

वा, मस्त माहिती. म्हणजे मेयर म्हणून काम दाखवायला मिळालं आणि त्याच कामानं अडवलं पण. नायक साहेब, तुमचा मुद्दा पटला वर्दीचा. एकच शंका, मेयरवरून राष्ट्राध्यक्ष कधी कोणी झालाच नाही का तिकडं?

मुन्शिपाल्टी_२६वर्षं

मेयर राहिलेले झालेत, पण मेयरच्या खुर्चीतून थेट कोणीच नाही. ग्रोव्हर क्लीव्हलंडचं उदाहरण भारी आहे, १८८२ ला बफेलोचा मेयर, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कचा गव्हर्नर, १८८५ ला राष्ट्राध्यक्ष. तीन वर्षांत! पण मधे गव्हर्नरकीची पायरी आहेच. कूलिज पण नॉर्थॅम्प्टन नावाच्या गावचा मेयर होता, तो नंतर एकेक पायरी चढत गेला, गव्हर्नर, उपराष्ट्राध्यक्ष.

डेमॉईनची_सूनबाई

आणि पीटनं ती मधली पायरी घेतलीच नाही ना अजून. मंत्री झाला, ८६ विरुद्ध १३ मतांनी सिनेटनं मान्यता दिली, मग नवऱ्याच्या गावाकडं, मिशिगनमध्ये ट्रॅव्हर्स सिटीला राहायला गेला. तिथं २०२६ ला सिनेटची पण जागा मोकळी होती आणि गव्हर्नरची पण, आणि मार्च २०२५ ला त्यानं सांगून टाकलं की दोन्हीला उभा राहणार नाही. आमच्याकडे सगळ्यांनी त्याचा अर्थ २०२८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक असाच लावला. फक्त आता डेमोक्रॅट्सनी आयोवाला पहिल्या नंबरावरून काढलंय, त्यामुळं बिस्किटांचा डबा घेऊन कुठं जायचं ते त्याला नव्यानं बघावं लागेल.

मिशावाकाकर

साऊथ कॅरोलायनाला न्या म्हणावं 😀