हार्डटेलचं मागचं चाक मार खातंय, मदत हवी आहे
मंडळी, स्टीलच्या फ्रेमवर ट्रेल हार्डटेल (डोंगरवाटांची, मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) स्वतः जुळवली आहे. २९ इंची चाकं, पुढे १४० मिमी दबणारा सस्पेन्शन फोर्क, हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कल) ६५ अंश. उतारावर झकास पळते, पण खडकांवर मागचं चाक नुसतं आपटतं. परवा ठण्ण आवाज आला. पाहतो तर रिमच्या कडेला नखाएवढा पोचा आणि तिथून सीलंटचे (ट्यूबलेस टायरमधल्या, भोकं बुजवणाऱ्या द्रवाचे) पांढरे बुडबुडे. मागे २४ पीएसआय हवा होती, माझं वजन ७८ किलो.

मित्र म्हणतो, १६० मिमीचा फोर्क टाक. अहो, पण मार खातंय मागचं चाक! मला वाटतं पैसे मागेच घालावेत. जाड केसिंगचा (आतल्या कापडी थराचा) टायर घेऊ की इन्सर्ट (टायरच्या आत रिमभोवती बसणारी फोमची पट्टी)? दोन्ही वापरलेल्यांनी सांगा, चढावर वजन कितपत जाणवतं? आणि पोचा पकडीने सरळ केला तर टायर पुन्हा हवा धरेल का?