मिसी इलियटचे गाणे सांगाल, तर ॲन पीबल्सचेही सांगा

माटुंगेकर (धागालेखक):
आम्ही काही मित्र दर महिन्याला एकत्र बसून, हिप-हॉप (म्हणजे तालावर म्हटलेल्या रॅपचे संगीत) आणि सोल (म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे भावपूर्ण गायन) या संगीतात आपल्याला नव्याने काय सापडले ते एकमेकांना ऐकवतो. या वेळी त्यावरून मतभेद झाला आणि तो मिटला नाही, म्हणून येथे मांडत आहे. एका मित्राने अमेरिकन रॅपर मिसी इलियट यांचे १९९७ सालचे 'द रेन' ऐकवले. त्यात पावसाविषयीची एक आर्त ओळ मधूनमधून येते. ती ओळ मेम्फिसच्या गायिका ॲन पीबल्स यांच्या १९७३ सालच्या 'आय कान्ट स्टँड द रेन' या गाण्यातली आहे, हे त्याला ठाऊक होते. तरीही ते सांगण्याची गरज त्याला वाटली नाही. मूळ गाण्याची सुरुवात इलेक्ट्रिक टिंबाले या तालवाद्याच्या ठोक्यांनी होते. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली राहिलेल्या माणसाला ते ठोके ऐकताच पागोळ्यांची आठवण होते, मग शब्द कळोत वा न कळोत.

माझे म्हणणे असे की ज्या गाण्यात जुन्या गाण्याचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, वापरलेला आहे, ते सांगताना मूळ गाण्याचे नाव सांगितलेच पाहिजे, आणि शक्यतो आधी मूळ गाणे ऐकवले पाहिजे. हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. द विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या १९६९ सालच्या 'आमेन, ब्रदर' मधला ग्रेगरी कोलमन यांचा काही सेकंदांचा ड्रमवादनाचा तुकडा असंख्य गाण्यांत वाजला, पण कोलमन यांना त्याचे मानधन कधीच मिळाले नाही. गायक जेम्स ब्राऊन यांच्या 'फंकी ड्रमर' मधला ठेका वाजवणारे क्लाइड स्टबलफील्ड यांचीही गत तीच झाली. त्यांचे पैसे आपण देऊ शकत नाही, परंतु नाव घेणे तर आपल्याच हाती आहे.

गोरेगावकर:
धागालेखकांच्या तळमळीविषयी आदर बाळगूनही मी पूर्णपणे असहमत आहे. मूळ म्हणजे नेमके कोठपर्यंत जायचे? जे-झी आणि कान्ये वेस्ट या रॅपरांचे २०११ सालचे 'ओटिस' हे गाणे सोल गायक ओटिस रेडिंग यांच्या १९६६ सालच्या 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' वर उभे आहे, आणि ते 'मूळ' गाणेही १९३२ सालचे आहे, म्हणजे रेडिंग यांच्या जन्माच्याही आधीचे. मग आम्ही प्रथम १९३२ ची ध्वनिमुद्रिका ऐकवावी काय? याच रेडिंग यांनी १९६५ साली स्वतः लिहून गायलेले 'रिस्पेक्ट' अरेथा फ्रँकलिन यांनी १९६७ साली असे गायले, की आज जग ते त्यांचेच मानते. जे नंतर आले ते उसने, हा हिशेब संगीतात चालत नाही.

दुसरे असे की माझी दहावीतली भाची रॅपमधूनच सोलपर्यंत पोहोचली. तिला एक ओळ आवडली, ती कोणाची हे तिने स्वतः शोधले आणि त्या शोधाचा आनंद तिने आठवडाभर घरात सर्वांना सांगितला. आधी वडीलधाऱ्यांची हजेरी घ्या आणि मगच आवडते गाणे ऐका, असे मी तिला सांगितले असते, तर तिने दोन्ही गाणी ऐकली नसती.

शिवडीकर:
गोरेगावकर, तुमच्या भाचीला शोध घेता आला, कारण मूळ गाण्याचे नाव कोणीतरी कोठेतरी नोंदवून ठेवले होते. नोंद नसती तर काय झाले असते, याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. २००२ साली ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे 'ॲडिक्टिव्ह' अमेरिकेत गाजले. त्यात 'ज्योति' या १९८१ सालच्या चित्रपटातल्या 'थोडा रेशम लगता है' या गाण्याचा, म्हणजे लता मंगेशकरांच्या आवाजाचा, मोठा तुकडा परवानगीवाचून वापरलेला होता. प्रकरण न्यायालयात गेले, आणि संगीतकार बप्पी लाहिरी यांचे श्रेय छापल्याशिवाय ती ध्वनिमुद्रिका विकू नये असा आदेश निघाला. लताबाईंचा आवाज आपण पहिल्याच सुराला ओळखतो, म्हणून ही गोष्ट आपल्याला टोचते. ॲन पीबल्स यांचा आवाज मेम्फिसमधल्या कोणाला तरी असाच ओळखीचा असणार.

भांडुपकर:
विनापरवाना वापर आणि ऐकण्याचा क्रम हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि येथे त्यांची गल्लत होत आहे. पहिल्याविषयी दुमत नाही. दुसऱ्याविषयी मी गोरेगावकरांच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. डेट्रॉइटचे हिप-हॉप संगीतकार जे डिला यांनी २००६ च्या फेब्रुवारीत 'डोनट्स' हा संग्रह प्रसिद्ध केला आणि त्यानंतर तीनच दिवसांनी ते वारले. त्या संग्रहातल्या एकतीस छोट्या रचनांत जुन्या सोल गाण्यांचे तुकडे इतके बारीक कापून फिरवलेले आहेत, की एखाद्या गायिकेचा अर्धवट उद्गार हाच तालाचा ठोका होऊन बसतो. मूळ गाणी आधी ऐकली, की कान पुढची ओळ येण्याची वाट पाहतो, ती येत नाही, आणि रचनाकाराने त्या जागी काय केले आहे तिकडे लक्षच जात नाही. मी स्वतः दोन्ही क्रमांनी ऐकून पाहिले आहे. 'डोनट्स' आधी ऐकावा, हे मी आग्रहाने सांगेन.

चेंबूरकर:
मुंबईतच एक तिसरी वाट सापडते. स्वदेशी या हिप-हॉप समूहाच्या २०१९ सालच्या 'द वारली रिव्होल्ट' या गाण्यात आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः गातात आणि त्यांचे नाव कलाकार म्हणून गाण्यासोबत आहे. ज्यांचे गाणे, तेच गाण्यात हजर असल्यामुळे आधी कोणाचे आणि नंतर कोणाचे हा प्रश्नच तेथे उरत नाही.

माटुंगेकर (धागालेखक):
भांडुपकर, आपल्या प्रतिसादानंतर मी 'डोनट्स' पुन्हा ऐकला आणि क्रमाविषयीचा माझा आग्रह मी मागे घेतो. नावाविषयीचा घेत नाही. गोरेगावकरांनी १९३२ ची अडचण दाखवली आहे, पण 'ओटिस' या शीर्षकातच गायकाचे नाव आहे आणि श्रेयनामावलीतही रेडिंग आहेत. म्हणजे ते उदाहरण माझ्याच बाजूचे ठरते.

पुढच्या बैठकीसाठी माझी निवड ब्लॅकस्ट्रीट या अमेरिकन गायकसमूहाचे १९९६ सालचे 'नो डिगिटी' ही आहे. त्याच्या आरंभीचा गुणगुणण्याचा आवाज सोल गायक बिल विदर्स यांचा असून तो १९७१ सालच्या 'ग्रँडमाज हँड्स' मधून घेतलेला आहे. विदर्स तेव्हा विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करत होते, आणि त्यांच्या पहिल्या संग्रहाच्या वेष्टनावर ते कारखान्यापाशी जेवणाचा डबा हातात धरून उभे आहेत. माझे आजोबा परळच्या गिरणीत असाच डबा घेऊन जात, त्यामुळे ते छायाचित्र मी बराच वेळ पाहत राहिलो. बैठकीत आधी 'नो डिगिटी' ऐकवीन आणि ते संपताच विदर्स यांचे नाव घेऊन त्यांचे गाणे लावीन.