प्रतिसाद: बोनसवरून होणारी भांडणं

भाऊ, चोपडा-अमळनेरकडच्या कबड्डीत दोन गावांचे प्रेक्षक बोनसवरूनच, म्हणजे चढाईत बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या जादा गुणावरूनच, भिडतात, हे तुमचं खरंय. पण खोट पंचांत कमी, रेषा आखायच्या फक्कीत (पांढऱ्या भुकटीत) जास्त. काळ्या मातीत बोनस रेषा मध्यंतरापर्यंत पार पुसते. त्या 5 मिनिटांत ती परत ओढाच. बोनससाठी समोर किमान 6 गडी हवेत, एक पाय रेषेपलीकडे टेकला तेव्हा मागचा हवेत हवा, हे आधीच माइकवर सांगा. 13 × 10 मीटरच्या मैदानाबाहेर निदान 2 मीटर सोडून दोर बांधा. पाहुण्या गावाला बोनस रेषेच्या टोकाशी बसवा. मध्यरेषेवरून पाय दिसत नाही, ओरडा मात्र तिथूनच पहिला! पाहुण्यांच्या संघाने लोण चढवला (समोरचा अख्खा संघ बाद केला) तर टाळी माइकवाल्यानेच सुरू करावी, मागचे आपोआप वाजवतात.