'स्कॅफोल्ड' : सांगाडा, परांची की आधारजाळी?

प्रश्न : गुडघ्याच्या कूर्चेसाठी पेशी वाढवायला आधार म्हणून त्रिमित छपाईने जो 'स्कॅफोल्ड' तयार करतात, त्याला कुणी 'सांगाडा' म्हणतं, कुणी 'परांची'. नेमका शब्द कोणता? आणि तो शरीरात नंतर 'वितळतो' म्हणायचं की 'विरघळतो'?

उत्तर : 'सांगाडा' नकोच. एक तर त्याने हाडं डोळ्यांपुढे येतात, दुसरं म्हणजे सांगाडा कायमचा असतो. 'परांची' तात्पुरती, म्हणून जवळची. पण ती इमारतीला बाहेरून बांधतात आणि काम झालं की सोडून नेतात. इथे पेशी तिच्या पोटातच वाढतात आणि सोडून न्यायला कुणी येत नाही. 'आधारजाळी' म्हणा. वस्तू खरोखर तशीच दिसते : पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लास्टिकचे सुमारे 0.3 मिमी जाडीचे धागे, एक थर उभा, त्यावरचा आडवा, दोन धाग्यांत जवळपास तेवढीच फट.

'सच्छिद्र' एवढंच लिहून भागत नाही. थर्माकोलही सच्छिद्र, पण त्याची छिद्रं बंद असतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, पेशींना अन्न झिरपूनच मिळतं. छपाईत धागा पसरून फटी बुजल्या, तर कडेच्या पेशी जगतात आणि मधल्या उपाशी मरतात. 'जाळी' म्हटलं की आरपार असणं त्यात आलंच.

दुसरं उत्तर : क्रियापदांत फार घोळ होतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोन साधारण 60 अंश सेल्सिअसला *वितळतं*. छपाई त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला होते, म्हणून या जाळीत पेशी मागाहून *पेरतात*. द्रावकात ते *विरघळतं*. शरीरात मात्र पाण्यामुळे त्याच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि तुकडे शरीर पचवतं, ते *जिरणं*. टाक्यांना आपण 'विरघळणारे' म्हणतो, ते बोलण्यापुरतं ठीक आहे.

तिसरं उत्तर : जैवशाईची, म्हणजे जिवंत पेशी असलेल्या छापायच्या जेलची गोष्ट वेगळी. तिथे पेशी पेरत नाहीत, शाईत *मिसळून* छापतात. मिलिलिटरला 1 कोटीच्या आसपास. नोझल बारीक घेतली की रेघ सुबक येते, पण दाब वाढून घसटीने पेशी मरतात. जिलेटिन गारव्याने *थिजतं* आणि 37 अंशांना पुन्हा पातळ होतं. समुद्री शेवाळातलं अल्जिनेट कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात *बांधलं जातं*. पोषकद्रवातल्या फॉस्फेटने कॅल्शियम ओढून घेतलं की ती बांधणी सैल होते, म्हणून तिथे 'विरघळलं' न लिहिता 'सुटलं' लिहावं. अशा जेलला 'जाळी' म्हणू नये, 'आधारजेल' पुरे.

चौथं उत्तर : 'कूर्चा तयार झाली' हे वाक्यही जपून लिहा. सपाट बशीत वाढवलेल्या कूर्चापेशी आपला स्वभाव विसरतात आणि कूर्चेतल्या दुसऱ्या प्रकाराऐवजी वणात असतं तसं पहिल्या प्रकारचं कोलॅजन (तंतुमय प्रथिन) करू लागतात. जाळी भरलेली दिसते, पण आत वणासारखी तंतुमय ऊती असते. सॅफ्रानिन-ओ रंगाने ऊतीचा पातळ काप लाल झाला तरच कूर्चेचं द्रव्य साठलंय म्हणता येतं, आणि तरीही कोलॅजनचा प्रकार वेगळा तपासावा लागतो. तोवर 'ऊती भरली' एवढंच म्हणा. 'गादी' शब्दही टाळावा. गुडघ्यात हाडाच्या टोकावरची कूर्चा निराळी आणि दोन हाडांमधली चकती निराळी, लोक दोन्हींना गादीच म्हणतात.

प्रश्नकर्ता : म्हणजे असं लिहितो : 'आधारजाळी वितळवून छापली, तिच्यात पेशी पेरल्या, शरीरात ती हळूहळू जिरते.'

उत्तर : 'हळूहळू' काढून 'जिरायला 2 वर्षांहून अधिक लागतात' असं घाला. नाहीतर वाचणाऱ्याला टाक्यांसारखे काही आठवडेच वाटतील.