विषय : उत्तर : लंडन मॅरेथॉनचे पैसे मंडळाच्या खात्यात भरू नका!!

पळणारी :
मंडळी, परवा सांगूनही काही जणांनी मंडळाच्याच खात्यात पैसे भरलेत. मी ज्या धर्मादाय संस्थेसाठी पळतेय तिच्या देणगीसाठीच्या माझ्या ऑनलाइन पानावर, स्वतःच्या कार्डावरून द्या आणि गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करा. १०० पौंडांवर सरकार संस्थेला वर २५ देतं. मंडळाने गोळा करून एकरकमी दिले की ते २५ बुडाले. फक्त खूण करणाऱ्याने इथे तेवढा कर भरलेला हवा. भारतातून आलेल्या आईबाबांच्या नावाने नको.

खजिनदार :
ताई, मंडळाचा चेक गेला तर मंडळाचं नाव होतं, मंडळाच्या अंकात फोटो येतो. मागे स्नेहभोजनाच्या तिकिटांतून जमवले तेव्हा कोणाची हरकत नव्हती. आणि ज्येष्ठ कट्ट्यावर रोख पाकिटं आलीत त्यांचं काय करू? सभेत हिशेब मलाच द्यावा लागतो.

उत्तर :
काका, तिकिटाच्या बदल्यात जेवण मिळतं, त्यावर गिफ्ट एड नसतंच. रोखीसाठी संस्थेकडून छापील फॉर्म मागवा. नाव, घरचा पत्ता, रक्कम, खूण, ज्याचं त्याने भरायचं. ४० टक्के कर भरणाऱ्यांनो, वरचा फरक तुम्हालाही परत मागता येतो. मी दरवर्षी मागतो.

उत्तर :
दरवर्षी मागता, मग मंडळाची वर्गणी का थकते? 🙂 असो. मॅरेथॉनच्या दिवशी ढोल कुठे उभे करायचे? ग्रिनिचच्या त्या जुन्या जहाजापाशी, कटी सार्कला?

उत्तर :
कटी सार्क अजिबात नको, मुंगीला शिरायला जागा नसते. पूर्व लंडनमधल्या द हायवे या रस्त्यावर थांबा. ताई तेराव्या मैलाला जाताना दिसते आणि कॅनरी वॉर्फचा वळसा घालून बाविसाव्याच्या आसपास त्याच रस्त्याने परत येते. एका जागी दोनदा दर्शन. मी पळालो तेव्हा आमची ही तिथेच उभी होती. परतताना "अहो, जरा हसा की" म्हणाली, तर मी तिला "थँक यू मॅडम" म्हणून पुढे गेलो. अजून ऐकवते.

पथकप्रमुख :
पथक कुठे उभं राहील हे पथक ठरवतं, मेलवर नाही. द हायवे चालेल.

पळणारी :
ढोल परतीच्या वेळीच वाजवा, तेराव्याला मी मजेत असेन. काकू, छातीवर लावायचा नंबर आणून देते म्हणालात, पण तो घ्यायला एक्सेल प्रदर्शन केंद्रात माझं मलाच जावं लागतं, ओळखपत्र घेऊन. आणि "हल्ली पळताना दिसत नाहीस" असं विचारणं थांबवा! शेवटच्या तीनेक आठवड्यांत पळणं कमीच करायचं असतं. हिवाळाभर अंधारात हातमोजे घालून पळत होते तेव्हा कोणी बघायला नव्हतं. काका, फॉर्मचं बघताय ना?

खजिनदार :
मागवले. आधी खात्यात आलेले ज्याचे त्याला परत करतो, मग त्यांनी पानावर भरावेत. पाकिटं मात्र माझ्यासमोरच उघडायची.

पथकप्रमुख :
दोन ढोलांच्या दोऱ्या सैल पडल्यात. शनिवारी ताणायला कोण येतंय? फक्त "लाइक" करू नका.