अब्बांच्या पश्चात जमीन: बहिणींचं हक्कसोडपत्र घ्यावं की नावं लावावीत?

सलाम सगळ्यांना. आमचं गाव खेड तालुक्यात खाडीकाठाला, पूर्ण मुस्लिम वस्ती, साठेक घरं, त्यातली निम्मी वर्षभर कुलूपबंद, माणसं कुवेत, सौदी, आफ्रिका नाहीतर मुंबई, मे महिन्यात आणि ईदला काय तो गाव भरतो. अब्बा चार महिन्यांपूर्वी गेले. मागे आई, आम्ही दोन भाऊ, तीन बहिणी. जमीन म्हणजे खाचरं थोडी, वरकस आणि कातळाला लागून आंब्याची 96 कलमं. मी गावातच असतो, बेणणी, खत, फवारणी, राखण सगळं दहा वर्षं मीच बघतोय. मोठा भाऊ कतारला.

आता मोठा भाऊ आणि गावातले दोन-तीन बुजुर्ग म्हणतात बहिणींची सही घेऊन टाक, आपल्याकडे असंच चालत आलंय, त्या मागणार नाहीत. आणि खरंच तिघी म्हणाल्या की आम्हाला काही नको, फक्त माहेरचा दरवाजा उघडा ठेव. हे ऐकून मला झोप लागली नाही, कारण अब्बा जुम्म्याला मशिदीत पुढच्या सफमध्ये (रांगेत) बसायचे आणि कुराणात मुलींचा हिस्सा लिहिलेलाय हे आम्हाला त्यांनीच शिकवलंय. पण नावं लावली तर उद्या जमिनीचे तुकडे होतील, कर्जाला सहा जणांच्या सह्या लागतील ही भीती पण आहे. अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

---

निवृत्त महसूल कर्मचारी:
भाऊ, आधी वारस नोंद, मग बाकीची चर्चा. वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, तुमचा एक महिना वर गेलाय, तरी अर्ज द्या, उशिरा आला म्हणून हक्क जात नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडा, सहाही नावं लिहा, एकही गाळू नका. फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, पडला की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात.

हिशोब तुमच्या घरात सोपा बसतो. आईला आठवा हिस्सा, राहिलेल्यात मुलाला दोन वाटे मुलीला एक, म्हणजे आठ वाटे करा, आई 1, भाऊ 2-2, बहिणी 1-1. कलमांत सांगायचं तर आईला 12, तुम्हा दोघांना 24-24, तिघींना 12-12. पण याच्या आधी अब्बांचं कर्ज फेडायचं, सोसायटीचं पीक कर्ज असेल ते, आणि आईचा मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम, दिलेला नसेल तर तोही कर्जातच धरतात, ही गोष्ट लोक हमखास विसरतात.

2005 ची हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती तुम्हाला लागू नाही, त्यामुळे जन्मापासून हक्क वगैरे कोणी सांगेल ते सोडून द्या. कोणी असंही सांगेल की 1937 च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलीय. वगळलीय हे बरोबर, केरळ आणि तामिळनाडूने नंतर ती आत घेतली. पण म्हणून बहिणींचा हक्क गेला असं होत नाही, वेगळी रूढी आहे म्हणणाऱ्याला ती कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि माझ्या नोकरीत तरी मुस्लिम खातेदाराचा फेरफार वर सांगितलेल्या हिश्शानेच पडलेला मी पाहिलाय.

नावं लागली म्हणजे तुकडे झाले असं नाही. सातबारा सामाईक राहतो. वेगळं करून हवं असेल तेव्हा महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप, तेही 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात बसलं तरच. घराचं वेगळं बघा, ग्रामपंचायतीची नमुना 8 ची नोंद घरपट्टीसाठी असते, ती मालकीचा पुरावा नाही.

एक शेवटचं, आजोबांच्या वेळचा फेरफार काढून बघा. आपल्या भागात ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून एकाच माणसाचं नाव लावून मोकळे झालेत, मुसलमानांच्या खात्यावर पण, ज्यांच्यात एकत्र कुटुंबाची मालकी ही कल्पनाच नाही.

---

दापोलीची लेक:
दादा मी सही केलेली बहीण आहे म्हणून लिहितेय. वडिलांच्या चाळिसाव्याला सगळे जमलेले, भावाने पेपर आणला, जेवणाची ताटं पण उचललेली नव्हती, अम्मा समोर बसलेली, अशा वेळी कोण नाही म्हणणार. मी पण तुमच्या बहिणींसारखंच म्हटलं होतं, मला काही नको. नको म्हणजे काय तर मागितलं तर भाऊ बोलायचा बंद होईल ही भीती. पुढे माझ्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा मी कुणाकडे तोंड उघडलं नाही, कागदाने मी माझं सोडून बसले होते. भाऊ वाईट नाही, आंब्याची पेटी दरवर्षी येते, पण ती पेटी तो देतो म्हणून येते, माझी असते म्हणून नाही, आणि हे घेताना दरवेळी जाणवतं. तुम्ही आधी त्यांची नावं लावा. नंतर एखादीला खरंच द्यायचं असेल तर ती स्वतःच्या नावावर आलेलं देईल, हिबा (बक्षीस) करेल नाहीतर रजिस्टर हक्कसोड करेल, तेव्हा त्या देण्याला अर्थ आहे.

---

बागायतदार, गुहागर:
ताईंचं मनाला लागलं पण मी थोडं दुसऱ्या बाजूने बोलतो. बाग नुसती सातबाऱ्यावर उभी राहत नाही. यंदा मोहर दोनदा आला, थ्रिप्स किडीने धुतला, औषधाची बिलं, राखणीला नेपाळी जोडपं, हे सगळं जो गावात राहतो त्याच्या अंगावर. बहिणींना हिस्सा द्याच, त्यात दुमत नाही, पण खर्चाची वही आजपासून ठेवा, वाशी मार्केटची पट्टी (विक्रीचा हिशोब) आली की खर्च वजा करून आठ वाटे करा आणि तुमच्या मेहनतीचा मोबदला सगळ्यांच्या संमतीने आधीच ठरवा, लिहून. अब्बांच्या हयातीत राबलात त्याचा जादा हिस्सा शरियतमध्ये मिळत नाही, ते मनातून काढा. जमत नसेल तर बाग कराराने द्या आणि आलेली रक्कम वाटा. आमच्याकडे चार वर्षं असंच चाललंय, वाद एकदाच झाला तो औषधाच्या बिलावरून.

---

प्रश्न विचारणारा:
सगळ्यांना जझाकल्लाह. ताई तुमचं लिहिलेलं मी मोठ्या भावाला फोनवर वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला अर्ज दे. आईला मेहरचं विचारलं तर म्हणाली 127 रुपये होता, कधी दिला नाही, मी माफ केला होता मय्यतीला. आता परत ताईंचीच गोष्ट आठवली, तशा वेळी कोण नाही म्हणणार. मी आईच्या हातात दिले, तिने घेतले.

पण जुना फेरफार काढला आणि वेगळंच निघालं. आजोबा गेले तेव्हा दादी आधीच गेलेली, वारस अब्बा आणि दोन फुफ्या (आत्या). नाव फक्त अब्बांचं, ए.कु.मॅ. म्हणून. म्हणजे जमिनीत अर्धा हिस्सा फुफ्यांचा निघतो आणि आमचे आठ वाटे अब्बांच्या अर्ध्यात. कलमं अब्बांनी लावलेली हे खरं, पण जमीन आजोबांची. मोठी फुफी गेली, तिची मुलं मुंब्र्याला. धाकटी हयात आहे, चिपळूणला असते, मला लहानपणी तिनेच खांद्यावर घेऊन खाजणाच्या बांधावरून फिरवलंय. इतक्या वर्षांनी त्यांचा हक्क राहतो का?

---

निवृत्त महसूल कर्मचारी:
एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरतात, उघडपणे हक्क नाकारला नसेल तर नुसती वर्षं गेली म्हणून हिस्सा जात नाही. अब्बांनी कधी नाकारला होता का?

---

प्रश्न विचारणारा:
नाही. विषयच निघाला नव्हता कधी. वकिलाला कागद दाखवतो, पण त्याच्या आधी रविवारी चिपळूणला जातोय, आई म्हणते मी पण येते.